कुलपाचे हेलपाटे

ब्राउझर उघडा, एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’च्या खणात जा आणि सातासमुद्रापलीकडचं एखादं पान मागवा. आलेल्या यादीतल्या पहिल्या ओळीवर क्लिक करून ‘टायमिंग’ बघितलं की आडव्या पट्ट्यांची एक छोटी उतरंड दिसते. पत्ता शोधायला इतका वेळ, जोडणी व्हायला इतका. आणि जोडणीच्याच पोटात आणखी एक पट्टी असते, एसएसएल नावाची. मी पुण्यात बसलो होतो, सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियात होता. माझ्याकडे ती पट्टी दोनशे मिलिसेकंदांच्या थोडी वर गेली.

तेवढ्या वेळात काय काय झालं, ते आधी सांगतो. एकमेकांना जन्मात न भेटलेली दोन यंत्रं अनोळखी लोकांच्या तारांमधून बोलली. वाटेत कुणीही कान लावू शकेल अशी ती वाट. तरी त्या दोघांनी तिसऱ्या कुणालाच कळणार नाही असं एक गुपित ठरवलं. समोरचा खरंच तोच आहे, याचा पुरावा एकाने मागितला, दुसऱ्याने दिला. मग त्या गुपिताची किल्ली करून पुढच्या सगळ्या संभाषणाला कुलूप घातलं. गंमत अशी की यातलं खरंखुरं गणित दोन-तीन मिलिसेकंदांत उरकलेलं असतं. बाकीचा जवळजवळ सगळा वेळ दोघंही नुसते वाट बघत बसलेले असतात.

‘सुरक्षा हवी तर वेग सोडा’ हे वाक्य वेबच्या दुनियेत मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं बिल नेमकं कशाचं होतं, हे कुणी फारसं उघडून बघत नाही. उघडून बघितलं की भलतंच काहीतरी निघतं.

आधी ते गुपित. याद्यांच्या बैठकीचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडची मंडळी कान टवकारून बसलेली आहेत. त्यांच्यासमोर, मोठ्याने बोलूनच, मुलामुलीने एक आकडा ठरवायचा आणि तो त्या दोघांखेरीज कुणालाही कळता कामा नये. अशक्य वाटतं ना? कागद-पेन्सिल घ्या. १९ आणि २ हे दोन आकडे सगळ्यांना सांगून टाका. मुलगी मनात ५ धरते. २ चा पाचवा घात ३२, त्याला १९ ने भागलं की बाकी १३. ती मोठ्याने म्हणते, ‘तेरा’. मुलगा मनात ७ धरतो. २ चा सातवा घात १२८, बाकी १४. तो म्हणतो, ‘चौदा’. आता मुलगी त्याच्या १४ चा पाचवा घात काढते: ५,३७,८२४. १९ ने भागून बाकी १०. मुलगा तिच्या १३ चा सातवा घात काढतो: ६,२७,४८,५१७. १९ ने भागून बाकी, पुन्हा १०. दोघांच्या हातात दहा आलेत, आणि अख्ख्या बैठकीत ‘दहा’ हा शब्द कुणी उच्चारलेला नाही.

यात जादू काही नाही. दोघांनीही आपापल्या वाटेने २ चा पस्तिसावा घातच काढला. पण मी हे पहिल्यांदा हाताने करून पाहिलं तेव्हा भागाकार दोनदा तपासला होता. कोपऱ्यातल्या मामांना १९, २, १३, १४ असं सगळं ऐकू आलेलं आहे. आकडा १९ एवढाच असेल तर ते पाच मिनिटांत दहापर्यंत पोहोचतीलही. पण १९ च्या जागी सहाशेहून जास्त अंकांची मूळ संख्या ठेवली, तर ‘तेरा’वरून मागे ‘पाच’पर्यंत यायची बरी वाट आजच्या कुठल्याही संगणकाला ठाऊक नाही. पुढे जाणं सोपं, मागे येणं कठीण, एवढ्याच एका गोष्टीवर हे सगळं उभं आहे.

व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी हे १९७६ साली छापलं. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या हेरखात्यात मात्र जेम्स एलिस, क्लिफर्ड कॉक्स आणि माल्कम विल्यमसन ही मंडळी १९७४ पर्यंत याच ठिकाणी पोहोचली होती. त्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती. ती कहाणी डिसेंबर १९९७ मध्ये जाहीर झाली. एलिस त्याच्या काही आठवडे आधीच वारले होते.

आता बिलाकडे वळू. वेबवर हे कुलूप आलं १९९५ च्या सुमाराला, नेटस्केप कंपनीच्या हातून. तेव्हाचे संगणक बघता ते जड होतंच. आरएसए नावाच्या पद्धतीत सही करणं (म्हणजे ‘मी तोच’ असा पुरावा देणं) आणि सही तपासणं या दोन कामांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओपनएसएसएल नावाचं फुकट साधन आहे, त्यात ‘स्पीड’ अशी एक आज्ञा मिळते. ती आरएसएवर चालवली की दोन रकाने येतात: सेकंदाला किती सह्या केल्या आणि किती तपासल्या. २०४८ बिटांच्या किल्लीला दुसरा आकडा पहिल्याच्या तीसेकपट तरी निघतो. कारण अगदी साधं आहे. तपासणाऱ्याला जो घात काढायचा असतो तो बहुतेक सगळीकडे ६५,५३७ असतो, म्हणजे २ चा सोळावा घात अधिक १. सोळा वेळा वर्ग करा, एकदा गुणा, काम संपलं. सही करणाऱ्याच्या वाट्याला मात्र दोन हजार बिटांचा घात येतो. आणि सही कुणी करायची? सर्व्हरने. दारात हजार गिऱ्हाइकं उभी, प्रत्येकाचं काम चुटकीसरशी, आणि दुकानदाराचा एकट्याचा घाम निघतोय, असा हा व्यवहार.

म्हणून त्या काळी या गणितासाठी वेगळी कार्डं विकत घेऊन सर्व्हरमध्ये बसवायचे. आणि ज्यांना ते परवडत नसे ते कुलूप फक्त पासवर्डच्या आणि पैसे भरायच्या पानाला लावत, बाकी सगळी साइट उघडी. गल्ल्याला कुलूप आणि दुकान सताड उघडं! यातला घोळ असा की एकदा आत शिरलेल्या गिऱ्हाइकाला सर्व्हर एक कुकी देतो, ‘याला ओळखतो, येऊ द्या’ अशी चिठ्ठीच म्हणा ना. ती चिठ्ठी पुढच्या प्रत्येक पानाबरोबर उघड्यावर फिरायची. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरशीप नावाचं एक जोडसाधन फायरफॉक्ससाठी सोडलं. कॅफेतल्या उघड्या वायफायवर बसायचं, बटण दाबायचं. आजूबाजूच्या लोकांच्या उघड्या चिठ्ठ्या नावा-फोटोसकट बाजूच्या पट्टीत येत. एकावर दोनदा क्लिक केलं की तुम्ही त्याच्या खात्यात. तज्ज्ञांना हा धोका कधीपासून माहीत होता. बटलरने तो कुणालाही दिसेल असा समोर मांडला.

त्याच वर्षाच्या जानेवारीत जीमेलने सगळ्यांसाठी, सगळ्या पानांना कुलूप लावलं होतं. त्याचा हिशेब गूगलचे ॲडम लँगली यांनी नंतर जाहीर केला, आणि तो वाचून अनेकांचे डोळे विस्फारले. एकही नवीन यंत्र घेतलं नाही, खास कार्ड बसवलं नाही. बाहेरच्या फळीतल्या सर्व्हरांवर प्रोसेसरचा एक टक्क्याहून कमी भार, दर जोडणीला १० किलोबाइटहून कमी मेमरी, नेटवर्कवर दोन टक्क्यांहून कमी वाढ. पंधरा वर्षं ज्या खर्चाच्या नावाने सगळे बोटं मोडत होते, तो चहापाण्याच्या खर्चाइतकाही निघाला नाही.

तेव्हापासून तो आणखी घटलाय. संभाषणाला घालायचं रोजचं कुलूप म्हणजे एईएस. योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रेमेन या दोन बेल्जियन माणसांनी रचलेलं, २००१ पासून अमेरिकेचं सरकारी प्रमाण. १२८ बिटांच्या किल्लीला त्यात डेटा दहा वेळा घुसळावा लागतो. २०१० पासून इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये अशा एका घुसळणीसाठी एक अख्खी सूचनाच कोरलेली येते, त्यामुळे आजचा साधा लॅपटॉपही सेकंदाला गिगाबाइटच्या वर मजकूर कुलूपबंद करतो. स्वस्तातल्या फोनांकडे ती सूचना नव्हती. त्यांच्यासाठी डॅनियल बर्नस्टाईन यांचं चाचा२० वापरात आलं, ज्यात बेरीज, बिटांची तुलना आणि फिरवाफिरवी एवढंच आहे. त्यांचीच आणखी एक देणगी म्हणजे कर्व्ह२५५१९. याद्यांच्या बैठकीतला खेळच, पण घातांऐवजी एका वक्र रेषेवरच्या बिंदूंवर खेळलेला. त्यातली मूळ संख्या आहे २ चा २५५वा घात वजा १९. पुन्हा तो १९! अर्थात हा निव्वळ योगायोग, पण मला आवडलेला.

मग माझ्या पट्टीतले दोनशे मिलिसेकंद गेले कुठे?

पुणे ते व्हर्जिनिया सरळ अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो. निर्वात पोकळीतल्या वेगाच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे जायला ६५ मिलिसेकंद, यायला ६५. हे झालं केबल नाकासमोर गेली तर. ती समुद्राच्या तळाने वळसे घेत, मध्ये उतरत-चढत जाते, त्यामुळे एक फेरी दोनशेच्या घरात पडते. आणि इथे प्रोसेसर कितीही तगडा घ्या, काही उपयोग नाही. प्रकाशाला घाई करता येत नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की फेऱ्या किती. २००८ साली ठरलेल्या टीएलएस १.२ मध्ये (टीएलएस हे एसएसएलचंच पुढचं नाव) हिशेब असा होता: ‘ऐकू येतंय का?’ ही साध्या जोडणीची, म्हणजे टीसीपीची, एक फेरी. मग ‘मला ही ही कुलपं येतात, तुम्हाला कुठलं चालेल?’ ही दुसरी. किल्लीचे अर्धे-अर्धे भाग देण्याघेण्याची तिसरी. आणि मग कुठे पान मागायची चौथी. सरकारी कचेरीत आपण हेच केलेलं आहे. पहिल्या दिवशी कोणकोणते कागद लागतात ते विचारून यायचं, दुसऱ्या दिवशी कागद घेऊन जायचं. कुलूप जड नव्हतंच. हेलपाटे जड होते.

ऑगस्ट २०१८ मध्ये टीएलएस १.३ आलं आणि त्याने शहाण्या माणसाचा मार्ग धरला. विचारायला जायचंच नाही. आधार, रेशन कार्ड, दोन फोटो, सगळ्याच्या झेरॉक्स पिशवीत घालून पहिल्याच दिवशी खिडकीशी उभं राहायचं. ब्राउझर अंदाज बांधतो की सर्व्हरला बहुधा अमुक पद्धत चालेल, आणि पहिल्याच नमस्कारात आपली अर्धी किल्ली पाठवून देतो. अंदाज बरोबर आला की एक अख्खी फेरी वाचते. चुकला तर सर्व्हर म्हणतो, ‘हे नको, ते आणा’, आणि आपण जुन्याच हिशेबावर येतो.

या सुधारणेला वाटेतल्या जुन्या खोक्यांनी फार छळलं, ते सांगायचा मोह आवरत नाही. कचेऱ्यांच्या वेशीवर रहदारी तपासणारी उपकरणं बसलेली असतात. अनोळखी आवृत्तीचा नमस्कार दिसला की त्यातली काही सरळ जोडणी तोडून टाकत. शेवटी १.३ ने वेषांतर केलं. त्याचा नमस्कार आजही वरकरणी ‘मी १.२ आहे’ असंच सांगतो. खरं नाव आत, एका पुरवणीत दडवलेलं असतं.

नंतर २०२१ मध्ये क्विक हे नवं प्रमाण आलं. त्याने टीसीपीची चौकशी आणि कुलपाची बोलणी एकाच फेरीत उरकली. जुनी ओळख असेल तर शून्य फेऱ्यांचीही सोय आहे: पहिल्याच पाकिटात कुलूपबंद मागणी. फक्त ते पाकीट वाटेत कुणी पकडलं तर उघडता आलं नाही तरी जसंच्या तसं पुन्हा टाकता येतं. ‘बातम्या दाखव’ दोनदा गेलं तर बिघडत नाही. ‘पाच हजार पाठव’ दोनदा गेलं तर बिघडतं. म्हणून ही सोय जपून वापरतात. आणि मोठ्या साइटी सर्वात साधा उपाय करतात, दुकानच जवळ आणतात. हँडशेक, म्हणजे ही कुलपाची बोलणी, मुंबईतल्या यंत्राशी होते, व्हर्जिनियाशी नाही.

जवळ आणता आलं नाही तर काय होतं? वेबवर लिहिणारे एरिक मायर २०१८ मध्ये युगांडाच्या ग्रामीण भागात वेब शिकवायला गेले होते. तिथलं इंटरनेट यायचं भूस्थिर उपग्रहावरून. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली उतरणार, उत्तर वर जाऊन खाली उतरणार. एका फेरीत सुमारे १,४३,००० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. शिवाय पाकिटं वाटेत गळतात, आणि हँडशेकमधलं पाकीट गळलं की ते गळलंय हे कळायलाच वेळ जातो. पण त्यांचं मुख्य दुखणं वेगळंच होतं. अशा जागी पूर्वी एक युक्ती चालायची. गावात एक साठवण-सर्व्हर ठेवायचा. एकाने मागवलेलं पान तिथे राहायचं आणि पुढच्या तीस जणांना उपग्रहाचं तोंड न बघता मिळायचं. आपल्याकडेही इंजिनिअरिंगच्या होस्टेलांमध्ये स्क्विड नावाचा असाच एक प्रोग्राम असायचा. कुलूप आलं आणि मधल्या साठवणवाल्याला आत काय आहे हे दिसेनासं झालं. न दिसणाऱ्या गोष्टीची प्रत ठेवून उपयोग नाही; प्रत्येकाचं पाकीट वेगळ्या किल्लीने बंद. तीस मुलांनी एकच पान मागितलं की तीस वेळा आकाशात जायचं. लँगलींच्या हिशेबात हा खर्च कुठेच नाही, कारण तो सर्व्हरच्या प्रोसेसरवर पडत नाही. सर्वात लांब, सर्वात बारीक तारेच्या टोकाला बसलेल्या माणसावर पडतो. वेबवर सरसकट कुलपं लागली ते चांगलंच झालं, असं मला वाटतं. पण ‘कुलूप फुकट पडतं’ असं कुणी म्हणालं, तर कुणाला, एवढं मी विचारतो.

कंपन्यांच्या यंत्रांनी आपसात बोलायच्या वेब सर्व्हिसेसनी तर वेगळीच हौस केली होती. २००४ च्या सुमाराला तिथे प्रत्येक एक्सएमएल निरोपावर, आतल्या आत, सही करायची पद्धत आली. सही अक्षराअक्षरावर अवलंबून. एक रिकामी जागा इकडची तिकडे झाली की बाद. म्हणून सहीआधी निरोप ठरावीक साच्यात नीट लावून घ्यायचा आणि तपासणाऱ्यानेही तेच पुन्हा करायचं. शिक्का मारण्यापेक्षा कागदाला इस्त्री करण्यातच बराच वेळ जायचा.

काही ठिकाणी मात्र संथपणा मुद्दाम विकत घेतलेला असतो. साइटीने तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवू नये, त्याचा भुगा करून ठेवावा, ही पद्धत जुनी आहे. पण भुगा फार पटकन होत असेल तर चोरही सेकंदाला कोट्यवधी पासवर्ड दळून कुठला जुळतो ते बघू शकतो. म्हणून १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी बीक्रिप्ट नावाचं जातं मांडलं, ज्याला ‘किती जड फिरायचं’ अशी खुंटी आहे. खुंटी एकाने वाढवली की काम दुप्पट. सुरुवातीला साध्या माणसाला ६ आणि मुख्य प्रशासकाला ८ अशी ती ठेवली होती. आज १२ सर्रास दिसते. सहावरून बारा म्हणजे ६४ पट काम. तुम्ही लॉगिन दाबल्यावर जो क्षणभराचा अडखळ जाणवतो, त्यात थोडा वाटा या जात्याचा असतो. तुम्हाला तो दिवसातून एकदा सोसायचा आहे, चोराला प्रत्येक अंदाजागणिक.

आणि वेग कधी कधी चुगलीही करतो. दोन पासवर्ड किंवा दोन सह्या अक्षर-अक्षर जुळवताना पहिलं न जुळणारं अक्षर दिसताच थांबणं हा कुठल्याही प्रोग्रामरचा सहज स्वभाव. पण मग लवकर आलेला नकार सांगतो की पहिलंच अक्षर चुकलंय, उशिरा आलेला सांगतो की बरीच बरोबर आहेत. २००३ मध्ये डेव्हिड ब्रमली आणि डॅन बोने यांनी स्थानिक नेटवर्कवर बसून, केवळ उत्तरं यायला लागणारा वेळ मोजून मोजून, ओपनएसएसएल वापरणाऱ्या सर्व्हरची खासगी आरएसए किल्ली बाहेर काढून दाखवली. म्हणून जुळवणीचा कोड लिहिताना पहिल्या अक्षरात चूक कळली तरी शेवटपर्यंत जुळवत राहायचं, असा दंडक आहे. पान बघून चेहरा न बदलणाऱ्या रमीवाल्यासारखं यंत्राला निर्विकार राहायला शिकवायचं.

सध्या हेच बिल पुन्हा एकदा नव्याने फाटतंय. मोठे क्वांटम संगणक आले तर याद्यांच्या बैठकीतला खेळ मामांना उलटा फिरवता येईल. त्याची रीत पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवली आहे. असे संगणक अजून नाहीत, पण आजचं कुलूपबंद संभाषण साठवून ठेवून उद्या उघडता येईल, या धास्तीने नवी कुलपं आत्ताच लावली जाताहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने एमएल-केईएम हे नवं प्रमाण जाहीर केलं. त्याचं गणित जुन्याच्या तोडीस तोड वेगवान आहे. आकार मात्र भलता: कर्व्ह२५५१९ ची अर्धी किल्ली ३२ बाइटांची असते, याची ११८४ बाइटांची. इंटरनेटवरच्या एका पाकिटात साधारण १५०० बाइट मावतात. नव्यावर अजून पुरता भरवसा नाही म्हणून जुनी किल्लीही सोबत जाते. क्रोमने प्रमाण जाहीर व्हायच्या आधीच, एप्रिल २०२४ मध्ये, याचं मसुद्यातलं रूप सरसकट सुरू केलं तेव्हा काही जुन्या सर्व्हरांनी पहिलं पाकीट वाचलं, अर्धवट वाक्य बघून गोंधळले आणि फोन ठेवून दिला.

माझ्या एफ१२ च्या उतरंडीत यातलं काहीच उमटत नाही. पट्टी तेवढीच आहे, दोनशेच्या थोडी वर. फक्त पूर्वी एका पाकिटात मावणारा नमस्कार आता दोन पाकिटांतून जातो.